मेक्सिकोची कोळीण आणि म्हैसूरचा कोळी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, केंद्र सरकारच्या नोकरीत उभे आयुष्य घालविलेला मनुष्य एक तर निवृत्तिवेतनाचे नियम समजावून सांगेल, नाही तर संतवाङ्मयावर बोलेल. आम्ही 'घरातील कोळी' असा विषय कळविला. दूरध्वनीवर काही क्षण शांतता पसरली. मग त्यांनी मोठ्या अदबीने विचारले, "म्हणजे कोळी समाजाचे लोकजीवन का?" आम्ही म्हणालो, "नव्हे. आठ पायांचा कोळी. भिंतीवरचा." त्यांनी तो विषय स्वीकारला हा त्यांचा मोठेपणा, आणि आपण सर्व जण तरीही आलात हा आपला मोठेपणा होय.

चिटणीसांचा घोटाळा मात्र मराठी भाषेनेच करून ठेविलेला आहे. समुद्रात जाळे टाकणारा तो कोळी आणि घराच्या कोपऱ्यात जाळे विणणारा तोही कोळी. दोघांच्या व्यवसायातील साम्य आपल्या पूर्वजांनी किती नेमके हेरले! आमच्या घरातील स्त्रीवर्ग तर या दुसऱ्या कोळ्याशी वर्षातून दोनदा, दसऱ्याला आणि दिवाळीला, लांब काठीचा झाडू घेऊन युद्ध करतो. परंतु आपल्या परंपरेने या जीवाकडे केवळ जळमटांचा धनी म्हणून पाहिलेले नाही. मुंडकोपनिषदात, अक्षर तत्त्वापासून विश्व कसे निर्माण होते हे सांगताना, आपल्यातूनच तंतू काढणाऱ्या आणि तो आपल्यातच ओढून घेणाऱ्या ऊर्णनाभीचा, म्हणजे कोळ्याचा, दृष्टान्त दिला आहे. तिरुपतीच्या यात्रेहून परतताना आपल्यापैकी अनेक जण श्रीकालहस्तीला जातात. त्या क्षेत्राच्या नावातील 'श्री' म्हणजे कोळी, 'काल' म्हणजे सर्प आणि 'हस्ती' म्हणजे हत्ती. या तिघांनी तेथे शंकराची उपासना केली अशी कथा आहे, आणि त्यात पहिला मान कोळ्याचा. दुसऱ्या बाजूस सुश्रुताने कल्पस्थानात लूता, म्हणजे विषारी कोळी, हा विषय घेऊन तिचे सोळा प्रकार सांगितले आहेत. उपनिषदात दृष्टान्त, क्षेत्रात पूजा, वैद्यकात विष आणि घरात झाडू, अशा चार परींनी आपण कोळ्याला ओळखतो. पाचवी परी म्हणजे त्याला पाळणे. ती आमच्या घरी आमच्या इच्छेविरुद्ध आली.

२०१७ सालची गोष्ट. आमचे चिरंजीव तेव्हा महाविद्यालयात शिकत होते. एके सायंकाळी ते औषधाच्या बाटलीएवढी प्लॅस्टिकची एक कुपी घेऊन आले. झाकणाला सुईने भोके पाडलेली, तळाशी ओलसर माती, आणि मातीवर हरभऱ्याच्या दाण्याएवढा एक जीव. "बाबा, ही टॅरंट्युला आहे. मेक्सिकोची," त्यांनी सांगितले. विकणाऱ्याने पावती म्हणून वहीच्या पानाचा एक तुकडा दिला होता. त्यावर किंमत होती. त्या जीवाचे आईबाप कोणत्या देशातून, कोणत्या कागदाने आले, याविषयी एक अक्षर नव्हते. ही गोष्ट आम्हांस तेव्हाच खटकावयास हवी होती. परंतु तेव्हा आमचे सारे लक्ष, हा प्राणी रात्री कुपीतून बाहेर पडेल काय, या एकाच प्रश्नाकडे होते.

टॅरंट्युला हे नाव इटलीतील टारांटो या गावावरून पडले. तेथील एका कोळ्याच्या दंशावर अखंड नाचणे हाच उतारा आहे अशी समजूत होती, आणि टॅरंटेला नावाचे नृत्य त्या समजुतीशी जोडले गेले. गंमत अशी की, टारांटोचा तो मूळ कोळी आज ज्यांना टॅरंट्युला म्हणतात त्यांच्या कुळातला नव्हेच. युरोपीय लोक अमेरिकेत गेले, तेथे त्यांना मोठे केसाळ कोळी दिसले, आणि त्यांनी गावाकडचे ओळखीचे नाव त्यांना देऊन टाकले. परदेशी गेलेला मनुष्य नव्या वस्तूंना जुनी नावे देतो, हे आपणांस नवीन नाही. आज या कुळात जगभर सुमारे एक हजार जाती मोजल्या जातात. हे कोळी हवेत गोल जाळे विणीत नाहीत. कोणी बिळात राहतो, कोणी झाडाच्या ढोलीत. दाराशी रेशमाचे अस्तर घालतो आणि भक्ष्य जवळून जाण्याची वाट पाहतो. म्हणजे जाळे न टाकणारा हा कोळी!

आमच्या घरी आलेली जात ब्रॅकिपेल्मा या गणातील. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याकडील कोरड्या, झुडपी प्रदेशातली. काळे अंग, आणि पायांच्या गुडघ्यांवर केशरी-तांबडे पट्टे. वाढ अतिशय सावकाश. वयात येण्यास मादीला सहासात वर्षे लागतात, परंतु ती वीस वर्षांहून अधिक जगू शकते. नराचे आयुष्य त्या मानाने तोकडे. वयात आल्यावर तो एखाद्या वर्षाचा सोबती. हे ऐकून सौभाग्यवती म्हणाल्या, "म्हणजे हिचे सगळे करता करता आपलीच साठी उलटणार."

खरी अडचण निराळीच होती. आमचे घर शाकाहारी. कोळ्याला लागतात जिवंत रातकिडे आणि झुरळे. ज्या घरात कांदादेखील चातुर्मासात वर्ज्य, त्या घरात न्हाणीघराच्या मागे रातकिड्यांचा डबा ठेवण्याची वेळ आली. सौभाग्यवतींनी अट घातली की, एकादशीच्या दिवशी हा प्रकार घडता कामा नये. चिरंजीवांनी ती तत्काळ मान्य केली, कारण ही कोळीण आठदहा दिवसांतून एकदाच खाते, आणि मनात आले तर महिनोन् महिने काहीच खात नाही. उपवासाच्या बाबतीत तिने आमच्या घरातील सर्वांना हरविले. पिण्याच्या पाण्याची एक उथळ वाटी, कोरडी माती, लपावयास नारळाच्या करवंटीचा अर्धा तुकडा, आणि म्हैसूरची हवा; याहून तिची अधिक मागणी कधी नव्हती.

दुसऱ्या वर्षी एके सकाळी आम्ही वर्तमानपत्र घेऊन बसलो असता आमचे लक्ष पेटीकडे गेले. कोळीण उताणी पडली होती. आठही पाय वर, हालचाल नाही. आम्ही मनात म्हटले, सुटली बिचारी! चिरंजीव महाविद्यालयात गेलेले. परत आल्यावर त्यांना हे दृश्य दिसू नये, म्हणून आम्ही पेटी उचलून परसात नेण्यास निघालो. तोच सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, त्याला एकदा फोन तरी करा." फोन केला. पलीकडून जवळजवळ ओरडण्याचा आवाज आला: "बाबा, हात लावू नका! ती कात टाकते आहे!" ती मेलेली नव्हती, साप टाकतो तशी कात टाकीत होती. टॅरंट्युला त्यासाठी उताणी होते, पाठीवरचे कवच फुटते, आणि प्रत्येक पाय जुन्या पायातून, हातमोज्यातून बोट काढावे तसा बाहेर काढावा लागतो. या काळात धक्का लागला तर मरण ओढवते. मरताना हे कोळी बहुधा उताणे होत नाहीत. सरळ बसून पाय अंगाखाली आवळून घेतात. एवढे एक वाक्य ठाऊक नसल्याने आम्ही एका जिवंत प्राण्यास पुरण्यास निघालो होतो. चाळीस वर्षे फायली वाचणाऱ्या मनुष्यासही समोरचे वाचता येत नाही, याचा तो धडा होता.

सायंकाळी सौभाग्यवतींनी पेटीत डोकावून पाहिले आणि त्या किंचाळल्या, "एकीच्या दोन झाल्या!" टाकलेली कात हुबेहूब दुसऱ्या कोळ्यासारखी, केसांसकट पडलेली होती. अशाच एका कातीवरून, काही वर्षांनी, ही मादी आहे हे चिरंजीवांनी ठरविले. मादीच्या पोटाच्या आतील बाजूस नराचे बीज साठविण्याची एक लहानशी पिशवी असते, आणि तिचे अस्तरही कातीबरोबर बाहेर येते. ते भिंगाखाली पाहता येते. त्या दिवसापासून आमच्या घरात 'कोळी' जाऊन 'कोळीण' हा शब्द रूढ झाला.

ती विषारी नाही काय, असा प्रश्न आपल्या मनात असेल. विष आहे, परंतु टॅरंट्युलाच्या विषाने मनुष्य दगावल्याची खात्रीलायक नोंद नाही. अमेरिकेकडील पुष्कळ जाती दंश करण्यापूर्वी दुसरेच शस्त्र वापरतात. पाठीवरचे बारीक केस त्या मागच्या पायांनी उडवितात. आम्ही एकदा चष्मा न लावता पेटीत फार वाकलो, आणि दोन दिवस मनगट खाजवीत कार्यालयात बसलो. भारतातील जातींना हे केस नसतात. त्या चटकन चावतात, आणि त्यांतील झाडांवर राहणाऱ्या काही जातींच्या दंशाने स्नायूंत तीव्र पेटके येतात व ते कित्येक दिवस टिकतात. म्हणून कोणताही कोळी हातावर घेऊन मिरविणे हा मूर्खपणाच होय. त्यात कोळ्याचेही अहित आहे. दोनतीन फुटांवरून पडला तरी त्याचे पोट फुटू शकते.

तथापि विषाहून भय अधिक मारक असते. २०१२ साली आसामात, तिनसुकिया जिल्ह्यातील सादिया भागात, मोठ्या कोळ्यांनी लोकांना चावल्याच्या आणि दोघे दगावल्याच्या बातम्या आल्या. लोक रात्र रात्र जागू लागले. ते मृत्यू कोळ्याच्या विषानेच झाले, असे सिद्ध झाले नाही. वैदूंनी दंशाची जागा पात्याने कापून रक्त काढल्याचे मात्र सांगण्यात आले. कोळ्याने घेतले नसतील इतके प्राण कोळ्याच्या भीतीने घेतले असावेत.

आता प्रजननाविषयी. आमच्या घरातील वादाचे मूळ तेच आहे. वयात आलेला नर प्रथम एक लहानसे रेशमी वस्त्र विणतो, त्यावर आपले बीज सोडतो, आणि तोंडाजवळच्या दोन आखूड पायांच्या टोकांत ते भरून घेतो. मग तो मादीच्या शोधात निघतो. तिच्या दाराशी पोहोचल्यावर एकदम आत शिरत नाही. जमिनीवर पायांनी ताल धरतो. मादीची इच्छा असेल तर तीही आतून ठोके देते. पुष्कळ जातींत नराच्या पुढच्या पायांना आकडे असतात. त्या आकड्यांनी तो मादीचे विषदंत वरच्या वर अडकवून ठेवतो. काम उरकताच तो पळतो, कारण तो पळाला नाही तर ती त्याला खाण्याचा संभव असतो. म्हणून कोळ्यांची जोडी लावणारे लोक मादीला आधी पोटभर खाऊ घालतात आणि हातात लांब कुंचला घेऊन शेजारी उभे राहतात. एवढे करून मादीने नंतर लगेच कात टाकली, तर साठविलेले बीज कातीबरोबर जाते आणि सारा खटाटोप व्यर्थ होतो.

सारे जमले तर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी मादी रेशमाची चादर अंथरते, तिच्यावर अंडी घालते, कडा उचलून तिचा गोल चेंडू करते, आणि तो दोन महिने किंवा अधिक काळ पायांत धरून बसते, फिरविते, राखते. आमच्या या मेक्सिकोवासिनीच्या जातीत एका चेंडूतून कित्येक शे पिले निघू शकतात. ती एकमेकांना खातात, म्हणून प्रत्येकास निराळी कुपी द्यावी लागते. कल्पना करा, तीनशे कुप्या, आणि दर आठवड्यास तीनशे चिमुकले रातकिडे!

येथपर्यंत हा विषय घरगुती होता. परंतु चिरंजीवांच्या टेबलावरील एका पुस्तकातले चित्र पाहून आम्ही थबकलो. चित्रातील कोळी करड्या-काळ्या नक्षीचा, वीतभर लांब, पुढच्या पायांची खालची बाजू पिवळीधमक. खाली इंग्रजी नाव होते 'मायसोर ऑर्नमेंटल', म्हणजे म्हैसूरचा अलंकृत कोळी. ज्या शहराच्या रेशमाचे, चंदनाचे, मल्लिगेचे आणि पाकाचे नाव आम्ही पाहुण्यांना अभिमानाने सांगतो, त्याच शहराचे नाव धारण करणारा एक जीव जगात आहे, आणि इतकी वर्षे येथे राहूनही आम्हांस त्याची वार्ता नव्हती!

लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयातील रेजिनाल्ड पोकॉक या शास्त्रज्ञाने १८९५ साली या जातीचे शास्त्रीय वर्णन केले आणि तिला पोसिलोथेरिया स्ट्रायाटा हे नाव दिले. पोसिलोथेरिया म्हणजे ठिपक्यांचे, चित्रविचित्र श्वापद. या गणातील सर्व जाती केवळ भारत आणि श्रीलंका या दोन देशांतच मूळच्या आढळतात. हे कोळी जुन्या झाडांच्या ढोलीत राहतात. पिले बरेच दिवस आईजवळ एकाच ढोलीत नांदतात, ही त्यांची आणखी एक विशेष गोष्ट. म्हैसूरचा हा कोळी पश्चिम घाटातील जंगलांचा रहिवासी. जागतिक निसर्ग संरक्षण संघटनेने त्याची गणना असुरक्षित जातींत केली आहे. आणि हाच कोळी आज युरोप-अमेरिकेतील कितीतरी घरांत काचेच्या पेट्यांत राहतो, तेथेच त्याची जोडी लागते, आणि तेथेच जन्मलेली पिले विकली जातात. मेक्सिकोची कोळीण म्हैसुरात, आणि म्हैसूरचा कोळी परदेशात!

याच गणातील आणखी एका कोळ्याची कथा आपणां मराठी माणसांनी ऐकावी अशी आहे. पोकॉकनेच १८९९ साली निळ्या धातूसारख्या झळकणाऱ्या एका कोळ्याचे वर्णन केले. तो सापडला होता आंध्रातील गुत्ती येथे, रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत. गुत्ती म्हटल्यावर आपल्याला मुराररावांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. गुत्तीकर मुरारराव घोरपडे यांचा तो किल्ला. पाण्यावाचून तो १७७६ साली हैदरअलीच्या हाती पडला, आणि मुराररावांस याच म्हैसूर मुलखात कब्बाळदुर्गावर कैदेत प्राण सोडावे लागले. तर त्या गुत्तीचा हा निळा कोळी पुढे शंभर वर्षे कोणाच्या नजरेस पडला नाही. वस्तुतः तो गुत्तीचा नव्हताच. दूरच्या रानातल्या लाकडांबरोबर रेल्वेने तेथे आला असावा. २००१ च्या सुमारास नंद्याळ आणि गिद्दलूर यांच्या दरम्यानच्या जंगलात तो पुन्हा आढळला. त्याचे ज्ञात रान शंभर चौरस किलोमीटरांहूनही लहान आहे, आणि तो अत्यंत संकटग्रस्त मानला जातो. परंतु भारतातून वन्य प्राण्यांची व्यापारी निर्यात बंद असताना तो परदेशी बाजारात पोहोचला, आणि तेथे इतका वाढला की आज त्याची पिले सर्रास विकली जातात. कैदेत तो उदंड झाला. घरी मात्र मूठभर उरला.

उलट दिशेचीही वाहतूक आहे. २०२० च्या जुलैत चेन्नईच्या विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी पोलंडहून टपालाने आलेले एक पार्सल उघडले. आत चंदेरी कागदात आणि कापसात गुंडाळलेल्या कुप्या होत्या, आणि त्यांत १०७ जिवंत कोळी. तपासणीनंतर ते टपाल खात्यामार्फत पोलंडला परत धाडण्यात आले. ही बातमी वाचली त्या दिवशी आम्हांस तो वहीच्या पानाचा तुकडा आठवला, आणि रात्री नीट झोप लागली नाही.

कायद्याची स्थिती थोडक्यात सांगतो. दुर्मिळ प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा साइट्स नावाचा करार आहे. ब्रॅकिपेल्मा हा गण गेल्या शतकातच त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात गेला. श्रीलंका आणि अमेरिका यांच्या प्रस्तावावरून २०१९ साली पोसिलोथेरियाही त्यात गेला. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती होऊन या करारातील प्राण्यांसाठी स्वतंत्र अनुसूची आली. ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम निघाले, आणि असा जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने सहा महिन्यांत केंद्र शासनाच्या परिवेश संकेतस्थळावर त्याची नोंद करावी असे ठरले. प्राण्याला पिले झाली, तो मेला किंवा दुसऱ्यास दिला, तर तेही कळविले पाहिजे.

नेमक्या त्याच उन्हाळ्यात आमची कोळीण वयात आली, आणि चिरंजीवांच्या बंगळूरच्या एका मित्राकडे त्याच जातीचा नर वयात आला. मित्राने स्थळ सुचविले. पत्रिका जुळली असे चिरंजीवांचे म्हणणे पडले. आम्ही म्हणालो, "आधी हिची नोंद. जोडी लावायची नाही." ते म्हणाले, "बाबा, नराचे आयुष्य एका वर्षाचे. हा गेला की पुन्हा स्थळ मिळणार नाही."

त्यानंतर जो वाद झाला तो येथे मांडतो, कारण दोन्ही बाजूंना बळ होते. चिरंजीवांचे म्हणणे असे की, घरी पैदास झाली म्हणजे रानातून प्राणी धरून आणण्याची गरज उरत नाही. मेक्सिकोत याच जातीचे कोळी पूर्वी बिळांतून काढून परदेशी पाठवीत, त्यामुळे त्यांची संख्या घटली. आज बाजारातील बहुतेक पिले पाळीव आईबापांची असतात. "तुम्ही पैदास थांबविली, तर लोक रानात जातील." आम्ही म्हणालो, "आणि आपण पिले विकली, तर ज्यांना कोळी हवासाच वाटत नव्हता त्या शंभर घरांत हाव उत्पन्न होईल. त्यांतल्या दहांना उद्या मेक्सिकोचा नको, म्हैसूरचा हवा असे वाटेल. तो कोठून येईल? घाटातल्या ढोलीतून." ते म्हणाले, "तुम्हांला प्राण्याची नव्हे, नोकरीची काळजी आहे." हे वाक्य आम्हांस लागले, कारण त्यात अर्धे सत्य होते. शासनाच्या नोकराच्या घरात नोंद नसलेला प्राणी असणे आम्हांस सहन होणारे नव्हते. तीन आठवडे पितापुत्रांत पाणी मागण्यापुरतेच संभाषण झाले.

शेवटी मुदतीच्या आत, एका रात्री, दोघांनी शेजारी बसून तो अर्ज भरला. प्राणी कोठून आणला, या प्रश्नाशी चिरंजीव थांबले. "जे खरे ते लिही," आम्ही म्हणालो. त्यांनी लिहिले. तो वहीचा तुकडा आम्ही आजही फायलीत जपून ठेविला आहे. चांगला कागद म्हणून नव्हे, खूण म्हणून. बंगळूरचे स्थळ परत गेले.

पुढच्या वर्षी एक गोष्ट घडली. कोळिणीने कोपऱ्यात रेशमाची चादर अंथरली, तिच्यावर अंडी घातली आणि चेंडू वळला. नराचा स्पर्श नसता मादी कधी कधी अशी वांझ अंडी घालते. तिला ते ठाऊक नव्हते. ती तो चेंडू पायांत घेऊन बसली. अन्न टाकले तर मागे सरे, पेटीजवळ कोणी आले तर त्याला अंगाखाली घेई. सौभाग्यवती, ज्यांनी सात वर्षांत तिच्याकडे कधी धड पाहिले नव्हते, त्या दिवसांत सायंकाळचा दिवा लावून झाला की पेटीपुढे क्षणभर उभ्या राहत. काही आठवड्यांनी एका सकाळी चेंडू दिसला नाही; तिने तो खाऊन टाकला होता. चिरंजीव काही बोलले नाहीत. आम्हीही काही बोललो नाही. आमचा निर्णय चुकला असे आम्हांस आजही वाटत नाही; परंतु बरोबर निर्णयालाही किंमत असते आणि ती कधी कधी दुसराच भरतो, हे त्या सकाळी कळले.

या साऱ्यातून आम्ही काय शिकलो? पाळणे आणि जपणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पेटीत वाढविलेला गुत्तीचा निळा कोळी जगेल, त्याचा वंशही वाढेल. परंतु परदेशातील हजार पेट्या मिळून नंद्याळच्या रानातील एक जुने झाड होत नाही. ज्याला म्हैसूरच्या कोळ्याविषयी ममत्व वाटेल, त्याने तो घरी आणू नये. ज्या झाडाला ढोली आहे ते वठले म्हणून तोडू देऊ नये. आणि शोध घ्यावयाचा तर झीशान मिर्झा आणि राजेश सानप यांच्यासारख्या मुंबईच्या तरुण अभ्यासकांप्रमाणे रानात जाऊन घ्यावा. २०१४ साली त्यांनी सहकाऱ्यांसह पश्चिम घाटातील या कुळाच्या पाच नव्या जातींचे वर्णन केले आणि एका नव्या गणाला सह्याद्रीचे नाव दिले. आपल्या डोंगराचे नाव एका कोळ्याने धारण करावे, हा मान काही लहान नाही.

आपले मंडळ पन्नास वर्षांचे झाले. आपणही एका अर्थी दुसऱ्याच्या रानात वाढलेली मंडळी आहोत. फरक इतकाच की, आपल्याला कोणी पेटीत आणले नाही. आपण आपल्या पायांनी आलो, आणि या भूमीने आपल्याला ढोली दिली. आपली मुले घरात मराठी बोलतात, दाराबाहेर कन्नड बोलतात, आणि कोळ्याला दोन्ही नावांनी, कोळी आणि जेड म्हणून, ओळखतात. भाषादेखील गणेशोत्सवापुरती पेटीतून काढली तर जगेल, पण वाढणार नाही. तिला रोजचे घर लागते.

चिरंजीव आता नोकरीनिमित्त पुण्यास असतात. तेथील भाड्याच्या घराचे मालक कोळिणीस राजी नाहीत. त्यामुळे ती आमच्याकडे आहे. दर आठवड्यास आम्ही चष्मा लावून, लांब चिमट्याने तिला एक रातकिडा देतो आणि पाण्याची वाटी भरतो. रविवारी पुण्याहून फोन येतो. पूर्वी त्यांचा पहिला प्रश्न "आई कशी आहे?" असा असे, आता "कोळीण जेवली का?" असा असतो. सौभाग्यवती रागावतात, आणि मग आतून ओरडून सांगतात, "सांगा त्याला, परवा एकादशी होती. काल जेवली."

 येत्या दसऱ्याला झाडू उचलण्यापूर्वी कोपऱ्यातल्या त्या जीवाकडे एकदा नीट पाहावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.